बारा गावचं पाणी



"आपल्याकडच्या लोकांना एकदा जग फिरवून आणलं पाहिजे, म्हणजे त्यांची दृष्टी बदलेल." आमच्या नात्यातल्या एका उत्साही तरुणाने युरोपची सहल करून आल्यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हे वाक्य टाकलं. खाली अठ्ठावीस अंगठे वर! 'आपल्याकडचे लोक' म्हणजे कोण, ते पुढच्या चर्चेत कळलंच. गावाकडचे, कोरडवाहू शेती करणारे, तांड्यावरचे, पोडावरचे. थोडक्यात, गटावर नसलेले.

मला हे वाक्य पटत नाही. नुसतं पटत नाही एवढंच नव्हे, त्याचा राग येतो. का येतो ते जरा सविस्तर लिहितो. नातेवाईक मंडळी इथे वाचायला येतात हे ठाऊक आहे. त्यांनी खुशाल रागवावं, पण शेवटपर्यंत वाचून रागवावं एवढीच विनंती.

आधीच सांगून टाकतो, हा कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांचा प्रकार नाही. लेकीकडे न्यू जर्सीला मी दोनदा राहून आलोय. २०१४ साली आम्ही दोघांनी दहा दिवसांत सात देश अशी एक सहलही केली. आवडली. पुन्हा कुणी नेलं तर पुन्हा जाईन. माझं भांडण प्रवासाशी नाही. विमानातून उतरताना आपोआप शहाणपण मिळतं आणि न गेलेला तो विहिरीतला बेडूक, या समजुतीशी आहे.

आमच्या पिढीला शाळेत देशाटनाचं महत्त्व सांगणारी एक आर्या पाठ होती. अनेकांना अजून येत असेल. लोक त्यातलं 'देशाटन' तेवढं लक्षात ठेवतात. पण तिथे ते एकटं आलेलं नाही. त्याच्या जोडीला विद्वानांची मैत्री आहे, सभेतला वावर आहे आणि ग्रंथांचं वाचन आहे. एवढं सगळं केल्यावर काय मिळतं? तर चातुर्य. दृष्टी बदलेल किंवा माणूस उदार होईल, असं त्या आर्येनेही कबूल केलेलं नाही! चातुर्य तर आपल्या तालुक्याच्या गावातल्या अडत्याकडेही भरपूर असतं.

दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे समुद्र ओलांडणं हेच पाप होतं. परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर पंगतीत जागा नसे. आता उलटं झालंय. समुद्र ओलांडला नाही तर कमीपणा, आणि ओलांडला की माणूस आपोआप शुद्ध! मला दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. तेव्हाही माणसाची किंमत तो कुठे गेला यावरून ठरत होती, आजही तशीच ठरते. तो घरी कसा वागतो, हे तेव्हाही कुणी विचारत नव्हतं.

आता त्या सात देशांच्या सहलीबद्दल. बसमध्ये चाळीस जण, सगळे मराठी. सकाळी आरती, मग गाण्यांच्या भेंड्या, दुपारी आपलं जेवण, रात्रीही आपलंच जेवण. व्यवस्था चोख होती, तक्रार काहीच नाही. पण दहा दिवसांत त्या सात देशांतल्या एकाही माणसाशी आमचं पाच मिनिटं बोलणं झालं नाही. बसचा चालक पोलंडचा होता आणि कित्येक आठवडे घरी जात नव्हता, हे मला सातव्या दिवशी निम्म्या खाणाखुणांनी कळलं. थोडक्यात, आम्ही आमचं यवतमाळ, पुणे, ठाणे काचेच्या आत बसवून युरोपात फिरवून आणलं. त्यात वाईट काहीच नाही, म्हातारपणी तेच बरं असतं. पण त्याला 'जग पाहिलं' म्हणायचं असेल तर काचेतल्या माशानेही दिवाणखाना पाहिलेला असतो.

मराठीत अनुभवी माणसाला 'बारा गावचं पाणी प्यायलेला' म्हणतात. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. कारण बारा गावं बघायला डोळे पुरतात, पण बारा गावचं पाणी प्यायचं तर ते कुणाकडे तरी मागावं लागतं. अनोळखी दारात उभं राहावं लागतं, आणि समोरचा देईल की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं. दृष्टी बदलायची असेल तर ती तिथे बदलते. आपण मागणारे असतो तेव्हा. बाटलीबंद पाणी विकत घेत फिरणाऱ्यावर ती वेळ येतच नाही.

अशी वेळ ज्यांच्यावर दरवर्षी येते, त्यांना मात्र आपण प्रवासी म्हणत नाही.

पुसद, महागाव, दिग्रस भागातल्या तांड्यांतून दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा सोबत. माझ्या वर्गातला चौथीतला एक मुलगा असाच मार्चअखेरीला परत आला. भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राचा नकाशा लावला होता. त्याने उठून कृष्णा नदीवर बोट ठेवलं, कारण तिच्या काठच्या फडात तो चार महिने राहिला होता. कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचायला गाड्यांची रांग किती लागते, वजनकाट्यापाशी कुणी लक्ष ठेवायचं, पहाटे फडात शिरताना बिबट्या आहे की नाही हे कसं ओळखायचं, सगळं त्याला माहीत होतं. पुस्तकातल्या धड्यात यातलं अर्धंही नव्हतं. हजेरीपटावर मात्र त्याच्या नावापुढे चार महिने एकच शब्द होता. गैरहजर.

हेच पोर चार महिने लंडनला मामाकडे राहून आलं असतं तर आपण त्याचं शाळेत भाषण ठेवलं असतं. ठेवलं असतं की नाही, सांगा!

बंजारा समाजाचं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं आयुष्यच प्रवासात गेलं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांची लदेणी अर्धा हिंदुस्थान ओलांडत असे. पुढे रेल्वे आली, रस्ते आले आणि तो व्यापार बुडाला. मग फिरत्या माणसांवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि कितीतरी भटक्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. आपल्या जिल्ह्यातल्या फासेपारध्यांना विचारा, शिक्का गेला का ते. एक माणूस फिरतो आणि त्याची दृष्टी विशाल होते. दुसरा फिरतो आणि पोलीस पाटील त्याचं नाव टिपून घेतो. अंतर दोघांनी सारखंच कापलेलं असतं. म्हणजे गुण अंतराचा नाही, हे तरी मान्य व्हावं.

आता पोडाची गोष्ट. मारेगाव, झरी, केळापूर या भागात कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. त्यांची कोलामी भाषा गोंडी-तेलुगूच्या कुळातली, म्हणजे द्राविडी. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. पोडावरून दोन किलोमीटर चालत पहिलीत येणारं पोर एका अर्थाने परदेशातच येतं. गुरुजी काय बोलतात ते कळत नाही, फळ्यावरचं कळत नाही, लघवीला जायचं हे कसं विचारायचं तेही कळत नाही. पाण्याला आणि भाकरीला काय म्हणतात ते मी त्या मुलांकडूनच शिकलो, कारण ते शिकल्याशिवाय माझा वर्ग पुढे सरकत नव्हता.

पुढे २०११ साली मी पहिल्यांदा न्यू जर्सीला गेलो. औषधाच्या दुकानातली मुलगी काय विचारते ते मला कळेना. शेवटी सात वर्षांची नात पुढे झाली आणि आजोबांना काय हवंय ते तिने सांगितलं. पस्तीसेक वर्षं वर्गासमोर बोललेला माणूस, आणि नातीचा फ्रॉक धरून उभा! तहसील कचेरीत दाखल्यासाठी तासन्‌तास उभी राहणारी कोलाम म्हातारी मला तिथे आठवली. तिच्याही सोबत असाच एक नातू असतो, बहुतेक वेळा माझ्याच वर्गातला. तो प्रसंग मला नवीन नव्हता, फक्त माझी जागा बदलली होती. त्या तीन महिन्यांत मनात काही हललं असेल तर ते त्या दुकानात. नायगारा सुंदरच आहे, पण नायगाऱ्यापाशी मी तिकीट काढलेला गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला कुणी काही शिकवत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येईल, तेव्हा ते आधीच घेतो. "मग पंडिता रमाबाई? बाबासाहेब? सयाजीराव? यांना परदेशानेच घडवलं ना?"

एकेक करून बघू.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा हा माणूस, कुटुंब घेऊन पुराणं सांगत देशभर पायी फिरला. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले. त्यानंतर त्या भावासोबत उपाशीपोटी पायी फिरल्या आणि गावोगावच्या बायकांची, विधवांची दशा त्यांनी जवळून पाहिली. इंग्लंडला त्या गेल्या १८८३ साली आणि अमेरिकेला १८८६ साली. म्हणजे बोटीत पाय ठेवण्याआधीच त्यांची नजर तयार होती. अमेरिकेत त्यांनी आपल्या कामासाठी मदत उभी केली आणि परत येऊन मार्च १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन सुरू केलं. अमेरिकेवर त्यांनी मराठीत जे पुस्तक लिहिलं त्यात तिथल्या स्त्रियांच्या प्रगतीचं कौतुक आहे, तसंच तिथले मूळ रहिवासी आणि काळे लोक यांच्यावरच्या अन्यायाबद्दलही आहे. दुष्काळात चाललेल्या बाईलाच दुसऱ्या देशातला तोही भाग दिसला.

सयाजीरावांचं उदाहरण तर मला हवंच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याला दत्तक गेला, राजा झाला आणि पुढे कितीतरी वेळा परदेशी जाऊन आला. त्याने परत येऊन काय केलं? १९०६ साली संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांची व्यवस्था. जे पाहिलं ते घरी उतरवलं. याला मी देशाटन म्हणतो.

आणि आता त्याच बडोद्यातली गोष्ट. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्या वर्षांत मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा परदेशाने माणसाला काही दिलं, हे मी कशाला नाकारू? पण १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन राहिले, तर थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाली. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही असमर्थता सांगितली. एवढा शिकलेला माणूस रात्रीच्या गाडीची वाट बघत बागेत बसून राहिला. त्या शहराचा राजा जग पाहिलेला, दारात उभा असलेला माणूस जग पाहिलेला, आणि तरी दार बंद. राजाने जग पाहिलं म्हणून शहराची दृष्टी बदलत नाही. त्यासाठी घरच्या अंगणात भांडावं लागतं. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब तेच भांडण घेऊन गेले. भांडण कशाचं होतं? पाण्याचंच.

म्हणून माझी कसोटी पाण्याचीच आहे. आजही मी अशी घरं दाखवू शकतो जिथे दिवाणखान्यात आयफेल टॉवरची छोटी प्रतिकृती आहे, आणि मागच्या अंगणात कापूस वेचायला आलेल्या बायांसाठी वेगळा गडवा आहे. टॉवर कितीही उंच असो, त्या घराची दृष्टी त्या गडव्याएवढीच.

शेवटी जग पाहिलेल्यांच्या उपदेशाबद्दल. "इस्राएल वाळवंटात शेती करतो, आपल्या शेतकऱ्यांना काय झालं?" हे मी निदान पन्नास वेळा ऐकलंय. अहो, इस्राएलने उत्तरेच्या सरोवराचं पाणी दक्षिणेकडे नेणारी देशव्यापी जलवाहिनी १९६४ साली पुरी केली. तुम्ही ठिबकची नळी पाहिली, तिच्या मागची जलवाहिनी पाहिली नाही. आमच्याकडे आभाळाकडे बघून पेरणी होते. तसंच स्वित्झर्लंडचं. हिरव्या डोंगरावरची गळ्यात घंटा बांधलेली गाय सगळ्यांच्या फोटोत असते. त्या गायीच्या मालकाला तिथलं सरकार दरवर्षी थेट पैसे देतं, हे कुणाच्याच फोटोत नसतं.

आणि स्वित्झर्लंडचा विषय निघालाच आहे तर यवतमाळशी त्याचं नातंही सांगतो. आपला जिल्हा जगापासून तुटलेला कधीच नव्हता. शंभर वर्षांपूर्वी शकुंतला गाडी आपला कापूस मूर्तिजापूरला नेई, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. तिचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बांधलेलं. आपण जगाकडे गेलो नाही तरी जग आपल्या शेतात येतच होतं. २०१७ च्या हंगामातही आलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या हंगामात फवारलेल्या औषधांपैकी (आपण विषालाही औषधच म्हणतो!) एक औषध एका स्विस कंपनीचं होतं. त्यातलं डायफेन्थियुरॉन हे रसायन खुद्द स्वित्झर्लंडच्या शेतात वापरायला परवानगी नाही. कंपनीने जबाबदारी नाकारली. नवरे गमावलेल्या दोन बायका आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी हे प्रकरण २०२०-२१ मध्ये बासेलच्या न्यायालयापर्यंत नेलं.

आता सांगा, स्वित्झर्लंड कुणी जास्त पाहिला? बर्फात फोटो काढून आलेल्या आमच्या तरुणाने, की बासेलला दावा लावणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या त्या बायांनी? 'दृष्टी बदलली' म्हणणाऱ्या अठ्ठावीस जणांपैकी एकाला तरी तिथे असताना विचारावंसं वाटलं का, की तुमच्या शेतात जे चालत नाही ते आमच्या शेतात कसं चालतं? ज्या दिवशी तो प्रश्न एखाद्या सहलीच्या बसमध्ये उठेल, त्या दिवशी मी माझं म्हणणं मागे घेईन.

तेव्हा मंडळी, खुशाल फिरा. आनंदासाठी फिरा, आनंद हे पुरेसं कारण आहे, त्याला दृष्टीबिष्टीचा मुलामा नको. पण परत आल्यावर न गेलेल्यांना उपदेश करण्याआधी तीन गोष्टी करून बघा. घरी कामाला येणाऱ्या माणसाला आपल्याच ग्लासात पाणी द्या. जवळच्या तांड्यावरची किंवा पोडावरची एखादी शाळा बघून या, आणि दिवाळीनंतर आईबाप गेलेल्या मुलांसाठी सरकारी योजनेतलं हंगामी वसतिगृह तिथे खरंच सुरू होतं का, हे मुख्याध्यापकांना विचारा. आणि ऊसतोडीहून परतलेल्या एखाद्या पोराला समोर बसवून तो कुठे कुठे राहिला, काय काय शिकला, ते तासभर ऐका. 'आपल्याकडच्या लोकांना' जग फिरवून आणायची गरज नाही. ते फिरलेले आहेत, आपण त्यांना कधी विचारलेलं नाही.

असो. फार लांबलं. ज्यांना राग आला असेल त्यांनी अवश्य लिहावं, मी प्रत्येकाला उत्तर देतो. आणि ज्या तरुणामुळे हे सगळं सुचलं, त्याला आमच्याकडे जेवायचं आमंत्रण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मिळून झरीकडच्या पोडावर जाऊ. रस्ता मला पाठ आहे.